तीन दरवाजाच्या फोटोतला पदर

तुमच्या सदरातले अनुभव मी दुपारी चष्मा लावून वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, उलटे पाय... मला असलं कधी पटलं नाही, अजूनही पटत नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंत. पण तीस वर्षं मी फोटोवर ब्रश चालवलाय. फोटोत असलेलं कसं घालवायचं आणि नसलेलं कसं दाखवायचं, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच लिहितेय. यात भीतीपेक्षा माझी लाजच जास्त आहे, हे आधीच सांगते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचा स्टुडिओ होता. आमचे हे फोटो काढायचे आणि मी मागच्या खोलीत रिटचिंग करायची. नवरीच्या तोंडावरचे मुरूम, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांखालचं काळं, सगळं माझ्याकडे.

१९९३-९४ ची गोष्ट असेल. पन्हाळ्याच्या एका लॉजवाल्याला हॉलमध्ये लावायला तीन दरवाजाचा मोठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा होता. हे सकाळच्या पहिल्या एसटीने गेले. ऊन तिरकं असेल तरच दगडावरची नक्षी उठून दिसते, दुपारी सगळं सपाट येतं, असं त्यांचं म्हणणं. आणि फोटोत एक तरी माणूस पाहिजेच. "त्याशिवाय दरवाजा केवढा ते कळत नाही," म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी झुणका-भाकर विकणाऱ्या शेवंताबाईला आणि तिच्या मुलीला कमानीच्या कडेला बसवलं. तुम्हाला पण एक कॉपी देतो, असं कबूल केलं.

लॉजवाला नमुन्याची छोटी प्रिंट बघून म्हणाला, "वैनी, फोटू नाद खुळा आलाय. पण ह्या बायका कशाला? किल्ला दिसू दे की!" आणि त्या दोघींवर पेनाने फुली मारली.

हे मला म्हणाले, "आधी निगेटिव्हची कॉपी कर. मूळ निगेटिव्हला ब्लेड लावू नकोस." आणि लग्नाच्या ऑर्डरला चंदगडला निघून गेले. कॉपी करण्यात अख्खा दिवस जाणार. मी मूळ निगेटिव्हच काचेवर घेतलं आणि ब्लेडच्या टोकाने दोघींना खरवडून टाकलं. निगेटिव्ह खरवडलं की छापल्यावर तिथं काळं येतं, आणि तीन दरवाजाचा दगडही काळाच. अर्ध्या तासात दोघी दगड झाल्या. भाकरीवाली कुठली फोटो मागायला येतेय — असं तेव्हा मनात म्हटलं होतं. शब्दाला शब्द आठवतं.

दीडेक वर्षाने ती आली. पाटी दाराबाहेर ठेवली.

"सायबांनी आमचा फोटू काढल्याला, वैनी. माझा आन् रंजीचा."

"एवढ्या दिवसांनी आठवण झाली?"

"तवा काय नड न्हवती. रंजी घरातच हुती." मग म्हणाली, "सासरी गेली राधानगरीकडं. पयल्या बाळंतपणात गेली. लग्नातलं फोटू सासरच्यांकडं. मागाय गेलतो, तर दारातनं हाकललं. आता तुमच्याकडचा त्यो एकच."

मी म्हटलं, "निगेटिव्ह शोधावं लागेल. आठ दिवसांनी या."

यांना सांगितलं. जेवत होते, ते हात धुवून उठले. "खरं सांगून टाक तिला."

"सांगून काय पोरगी परत येणार आहे?"

ते स्टुडिओत निघून गेले.

फुली मारलेली प्रिंट कधीच केरात गेली होती. मग खरवडलेल्या निगेटिव्हवरूनच एक प्रिंट काढली. आकाशातल्या विजेच्या तारा सवयीने रंगाने झाकल्या. मग काळ्या दगडावर पांढरा-करडा रंग घेऊन दोन बायका बसवल्या. शेवंताबाई माझ्यासमोर उभी राहून गेली होती, ती जमली. रंजीला मी कधी पाहिलंच नव्हतं. निगेटिव्हवर तिचं तोंड खसखशीएवढं, तेही मी न बघता खरवडलेलं. तेव्हा आमच्या धंद्यातली चोरवाट धरली — जे काढता येत नाही ते झाका. कपाळ काढलं, डोळ्यांच्या दोन रेघा ओढल्या, आणि नाकातोंडावर हाताने धरलेला पदर रंगवून टाकला.

आठ दिवसांनी ती आली. फोटो घेऊन दारात उजेडाला गेली. मी शिव्या ऐकायच्या तयारीत बसले होते.

"अगं बया... हीच की! पदर बगा कसा धरलाय!"

"का धरलाय?" मी विचारलं.

"लगीन ठरल्यालं न्हवं का, आदल्याच दिशी नाक टोचून आणल्यालं. टम्म फुगलं हुतं. सायेब म्हनलं पदर काढ, तर म्हंती कशी, नाक लपवूनच काढा न्हायतर राहू दे!" आणि ती हसत हसत रडायला लागली.

जाताना पाटीतल्या दोन भाकरी आणि दह्याचं मडकं ठेवून गेली. ते दही मी खाल्लं.

त्या पदराचं मी फार मनावर घेतलं नाही. छोट्या प्रिंटमध्ये डोळ्यांनी टिपलं असेल आणि हाताने काढलं असेल, अशी समजूत घातली.

पुढे हे गेले. मुलाने कॉम्प्युटर घेतला. फोटोतलं जे पुसायला मला आठवडा लागायचा, ते तो चहा पिता पिता माऊसने पुसायचा. २००५-०६ च्या सुमारास एका पावसाळ्यात शेवंताबाई परत आली. घर गळलं होतं, फोटो भिजला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला.

फोटोवरचा माझा सगळा रंग पाण्याने उतरला होता. आकाशात तारा परत आल्या होत्या. शेवंताबाईच्या जागी नुसते करडे ओघळ. रंजीवर चिखल बसला होता. ती म्हणाली, "पुसून बगा की, वैनी." नाही म्हणायला कारण सापडेना. ओला कापूस घेतला. पदराचा रंग कापसावर येऊ लागला. आता खालून काळा दगड निघणार आणि मी पकडली जाणार, हे कळत होतं. तरी हात थांबला नाही.

पदराखाली दगड नव्हता. नाक होतं. सरळ, बारीक, त्यात चमकीचा पांढरा ठिपका. त्याखाली मिटलेले ओठ. भिंग लावलं. ब्रशचा एक फराटा नाही. कापूस फिरवला, कापूस कोरा. ते रंगाचं नव्हतं, कागदातच छापलेलं होतं.

शेवंताबाई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"पदर काढला व्हय गं," ती फोटोला म्हणाली. मग मला, "सूज उतरली बगा नाकाची."

ती आपल्याच जागेकडे बघून म्हणाली, "आन् मी कुटं गेलो?"

मी तिला स्टुलावर बसवलं आणि तिच्यासमोरच रंग कालवून तिला परत काढलं. ती ब्रशकडे एकटक बघत होती. रंजीला पण असंच काढल्यालं का, एवढं तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मुलगा म्हणतो, मूळ फोटोतलं काहीतरी खाली राहिलं असेल. पण मूळ फोटोत तर नाक सुजलेलं आणि पदराखाली होतं. निगेटिव्ह अजून माझ्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा तरी ते ट्यूबलाइटसमोर धरते. दोघींच्या जागी ब्लेडचे ओरखडे आहेत, दुसरं काही नाही.

शेवंताबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो तिच्या भावाच्या घरी आहे म्हणतात. एकदा जाऊन बघावं असं वाटतं, पण त्या घरात जायला मला तोंड नाही. तिला सांगायचं होतं ते तुम्हाला सांगितलं. त्याचा तिला काही उपयोग नाही, तेही मला कळतं.