राग कशाचा येतो?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते लातूरच्या आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरचे. ऑपरेशननंतर पेशंटला भुलीतून जागं करणं हे त्यांचं काम. मी तिथंच औषधं देतो. ऑपरेशनआधी त्या प्रत्येक नातेवाइकाला हळूच विचारतात, "ह्यांना राग कशाचा येतो?"

माझ्या वडिलांच्या, दादांच्या वेळी मी सांगितलं, "बैलाला नावं ठेवली की."

ऑपरेशन झालं. सिस्टर हाका मारत होत्या, "मामा, लांब श्वास घ्या." दादा ढिम्म. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. घरातला पहिला पदवीधर मी, दाराशी देवाचं नाव घेत उभा.

सिस्टर दादांच्या कानाशी वाकल्या. "मामा, तुमचा देवणी बैल लई मरतुकडा हाय. त्यापरीस जर्सी बरी."

दादांनी छाती भरून श्वास घेतला. "कोण म्हणतंय? जर्सीला वशिंड तरी हाय का?"

"हाव, भांडा आता," म्हणत सिस्टर चढणारा आकडा बघत राहिल्या.

पुढचं समोर बोलायचं धाडस होईना, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं:

"सिस्टर, दादा ठणठणीत आहेत. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. दादा मात्र 'मरतुकडा' विसरायला तयार नाहीत. त्यांनी बैलाची शिंगं रंगवून ठेवली आहेत. रविवारी आमच्या गावी, देवणीला येऊन बैलाची माफी मागावी, ही नम्र विनंती."