मामाचं तेल आणि मामीचा पियानो

यंत्र कुरकुरलं की तेल घालायचं, एवढ्या एका मंत्रावर माझ्या मामाने संसार उभा केला. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पण घरातली दारं, खुर्च्या, छत्र्या, कशाचीच त्याच्या तेलाच्या कुपीतून सुटका नव्हती. लहानपणी माझ्या बाहुलीच्या मानेलाही त्याने तेल पाजलं होतं. तिचे केस कायमचे चिकट झाले.

मामी शाळेत गाणं शिकवायची. निवृत्त झाली आणि तिचं हसणंच बंद झालं. दिवसभर टीव्हीसमोर बसायची, तोही आवाज बंद करून. मामाला ते बघवेना. शाळेने जुना पियानो मोडीत काढला, तेव्हा हा गडी तो टेम्पोत घालून घरी घेऊन आला. मामीने तोंड वाकडं केलं. आपली बोटं आता वळत नाहीत, हा पसारा कशाला, म्हणाली. मामा बधला नाही. पियानो वाजता झाला की ही वाजवेल, वाजवायला लागली की हसेल, असं त्याचं साधं गणित होतं.

त्याने पुढची फळी काढली. आत धुळीचे थर, खडूचे तुकडे, कुणाचं तरी कुरतडलेलं खोडरबर. ब्रशने, फडक्याने त्याने कोपरान् कोपरा लख्ख केला. पिवळ्या पडलेल्या पट्ट्या पुसल्या. त्यातल्या काही दाबताना कुरकुरल्या. मग काय, मामाचे हात शिवशिवले. साहेबांनी प्रत्येक पट्टीखाली सढळ हाताने तेल सोडलं.

सकाळपर्यंत पट्ट्यांखालचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड थर, तेल पिऊन टम्म फुगला होता. दाबलेली पट्टी वर येईना. मामा एक पट्टी जोर लावून उचकटायला गेला, तर तारेवर आपटणारी आतली लाकडी हातोडीच कडकन मोडली. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच रडू आलं.

मामी दारातून बघत होती. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण ती हसत सुटली, पोट धरधरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बाह्या सारून खाली बसली. पट्ट्या काढल्या, स्पिरिटने पुसल्या, तेलकट नमदा खरवडून नवा चिकटवला. तारा तिने कानाने जुळवल्या. ती सांगेल तसा मामा निमूट पाना फिरवत होता.

शेवटी ती वाजवायला बसली. बोटं अडखळत होती, पण गाणं ओळखू येत होतं. मोडक्या हातोडीच्या सुराच्या जागी मात्र प्रत्येक वेळी गाण्यात खड्डा पडायचा. मामाला राहवेना. जन्मभर बेसूर असलेला तो माणूस त्या खड्ड्यात जोरात "टँ" म्हणू लागला. मामी त्याच्यासाठी तिथे थांबायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो हातोडी चिकटवायला सरस घेऊन बसला.

"अहो, ती राहू द्या," मामी म्हणाली. "तिथे तुम्ही आहात ना."

मोडकी वस्तू बघून ज्याला झोप लागत नाही, त्या माझ्या मामाने सरसाच्या डबीला मुकाट झाकण लावलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.