टाळी

काल लेकीला शाळेत बक्षीस मिळालं. सगळे टाळ्या वाजवत होते. माझे हात मात्र मांडीवरच राहिले.

गणपतीत आमच्या मंडळाची कमान कोसळून सुरेश गेला. ती उंच हवी, हा हट्ट माझाच होता. पुढे भरपाईचा चेक घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. अध्यक्षांनी पाकीट त्याच्या आईच्या हातात दिलं आणि मी टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनीच वाजवली. कुणाला पाकीट दिलं की टाळी, एवढंच आमच्या हातांना ठाऊक. ते बक्षिसाचं की मरणाचं, हे हातांना कळत नाही.

मावशी गोंधळून उठल्या. सत्कार झालेली माणसं करतात तसा त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

"बसा, चहा ठेवते."

"नको, मावशी."

"असं कसं? सुरेशच्या मंडळातले ना तुम्ही?"