घड्याळजीचा चोरलेला अर्धा तास

आमच्या गल्लीतल्या घड्याळजीइतका वेळेचा पक्का माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका वेळेचा चोरही. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. त्याच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे असे. मुद्दाम! त्यात सात वाजले की हा दुकान बंद करून थेट नदीवरच्या पुलावर. चपला काढून, पाय खाली सोडून, पलीकडच्या झाडावर उतरणारे बगळे बघत बसे. खरे सात वाजले की घरी. दुकान सातलाच बंद केलं, असं स्वतःच्या मनालाही सांगता यायला हवं ना! गिऱ्हाइकांची घड्याळं मात्र तो आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवी. ते चोख होतं.

ही लबाडी सगळ्या गल्लीला ठाऊक, एक त्याची बायको सोडून. मी तर रोज पुलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलाच असे. लोकांच्या भानगडी न्याहाळायला जागा झकास.

घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं बायकोच्या अंगावर. घरातलं भिंतीवरचं घड्याळ कैक वर्षं बंद. घड्याळजीचंच घर ते! बायकोच्या हातातलं तेवढं चाले. तेही एकदा बिघडलं. ह्यानं दुरुस्त केलं, पण बगळ्यांची घाई! दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघूनच काटे फिरवले आणि घरी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घड्याळात सव्वासात झाले तरी नवऱ्याचा पत्ता नाही. असं कधी झालं नव्हतं. शेजारणीला सासूजवळ बसवून ती दुकानाकडे धावत सुटली. वाट पुलावरूनच.

"अहो! इथे काय करताय?"

घड्याळजी असा दचकला की एक चप्पल नदीत.

"अगं, हे आपलं... बगळे."

"सव्वासात वाजून गेलेत! मला वाटलं, कुठे पडलात-बिडलात की काय."

त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मग सगळं सांगावंच लागलं.

मी कान टवकारले. आता जुंपणार!

"म्हणजे मी तिकडे आईंना एकटी वळवत असते, तेव्हा तुम्ही रोज..." तो खाली मान घालून बसला. ती परत फिरेल असं मला वाटलं, पण पाय थकले असावेत. बसली.

"तो एक सारखा भांडतोय, तो कोण?" झाडाकडे बोट दाखवत तिनं विचारलं.

"तो रोजचाच. त्याला कुठली फांदीच पसंत पडत नाही."

"आईंवर गेलाय अगदी," ती म्हणाली आणि खुदकन हसली. मग उठून पदर सावरत म्हणाली, "माझं घड्याळ असंच राहू द्या. एक दिवस तुम्ही यायचं, एक दिवस मी. उद्या माझी पाळी."

दुसऱ्या दिवशी ती खरंच एकटी आली. चपला काढल्या आणि आठवणीनं बाजूला ठेवल्या.

"काका, तुम्हाला घरी काही कामं नसतात का हो?" माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं.

मी बगळ्यांकडे बघितलं. तिकडे घरी घड्याळजी एकटाच आईला वळवत असणार. म्हातारीच्या शिव्या पुलापर्यंत ऐकू येत नव्हत्या, एवढीच काय ती हळहळ.