केळीच्या सावलीतले क्रोटन

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या मोशी या आफ्रिकी गावात डांबरी रस्त्याकडेला एलिनाइकेची रोपवाटिका होती, आणि कुणाच्या अंगणात काय लावायचं याबाबत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. गिऱ्हाईक बोगनवेल मागायचं, तर ही विचारायची, "दुपारी चारला ऊन कुठे असतं?" माणूस अडखळला की त्याच्या हातात जास्वंद ठेवून त्याला वाटेला लावायची. ती जास्वंद फुलायचीही, म्हणून तर लोक तिचा तोरा सहन करायचे.

वर डोंगरावर राहणारी तिची बालमैत्रीण आइकारुवा मुलाच्या लग्नासाठी रोपं न्यायला आली, तेव्हा मात्र एलिनाइकेनं काही म्हणता काही विचारलं नाही. जिच्या घरी आपण लहानाच्या मोठ्या झालो, तिला काय विचारायचं! तिनं लाल-पिवळ्या क्रोटनची तीस रोपं काढून दिली. "सुनेचे डोळे दिपतील बघ!"

चार महिन्यांनी आइकारुवाच्या धाकट्या दिरानं निरोप आणला. "वहिनी म्हणाली, क्रोटन हिरवेगार झालेत. सुनेला काय सांगू, पालेभाजी लावलीय म्हणून? आणि म्हणाली, खाली उन्हात राहून एलिनाइके आपलं घर विसरली."

लग्न पंधरा दिवसांवर होतं. पालेभाजीचा टोमणा तिनं गिळला असता, पण शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. वर घरं केळीच्या बागेतच असतात आणि उन्हावाचून क्रोटनचा रंग उतरतो. एवढं तर तिच्याकडची गिऱ्हाइकंही सांगू शकली असती. मैत्री तुटते की काय, या विचारानं तिला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं टेम्पो भरला. गुलाबी ठिपक्यांचा रंगीत अळू, जांभळा कोलियस, तेरडा, सगळी सावलीत खुलणारी मंडळी. स्वतः पुढे बसली आणि मांडीवर इसाले घेतलं. माफी मागणाऱ्यानं या झाडाचं पान पुढे केलं की तिथल्या चग्गा जमातीच्या माणसाला ते नाकारता येत नाही.

आइकारुवा दारातच उभी होती. तिनं टेम्पोकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चुकले," एलिनाइके म्हणाली आणि इसाले पुढे केलं.

आइकारुवानं ते घेतलं. घ्यावंच लागलं. मग हातात जड लागलं म्हणून खाली पाहिलं, तर मुळं लोंबत होती.

"अगं, माफीला पान आणतात. तू अख्खं झाड उपटून आणलंस?"

"पान उद्या सुकेल. हे तुझ्या कुंपणाशी लाव. पुढच्या वेळी चुकले की इथलंच पान तोडून देईन. आता मला दर वेळी ओझं घेऊन डोंगर चढवत नाही."

"म्हणजे अजून चुकणार आहेस?"

"अजून वीस वर्षं तरी!"

आइकारुवानं डोळे पुसले आणि कुदळ आणायला आत गेली.