दोन्ही पारड्यांतून सारखे

मधल्या सुट्टीत भोये बाई सुपात हरभरे घेऊन बसायच्या आणि एकाच मापाचे दाणे वेचून बाजूला काढायच्या. मी म्हणायचो, "बाई, नोकरी सोडून वाण्याचं दुकान टाकताय की काय?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "गुरुजी, कवितेचं वजन करायची वेळ आली तर तागडी मागायला माझ्याकडेच याल." बोलण्यात बाई कुणाला हार जायच्या नाहीत.

पुष्पलता भोये मूळच्या दाभोशाच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या पहिल्या नोकरदार. १९९७ साली आम्ही दोघं मोखाड्याकडच्या डोंगरावर एका शाळेत होतो. त्या गणित शिकवायच्या, मी भाषा. शिवाय तांदळाची यादी माझ्याकडे होती. पोरांना हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, पण पाचवीपर्यंतच. सहावीत गेलं की पोराला भूक लागत नाही, असं वर कुणीतरी ठरवलं असावं.

सातवीला समीकरणं शिकवायची म्हटलं की बाकीचे फळ्यावर 'एक्स' लिहून मोकळे होतात. बाईंनी बांबूची तागडी केली होती. काडेपेटीत मोजून हरभरे भरायच्या आणि पेटी चिकटवून टाकायच्या. आत किती हे फक्त त्यांना ठाऊक; ती पेटी म्हणजे एक्स. डाव्या पारड्यात दोन पेट्या आणि नऊ सुटे हरभरे, उजव्यात एक पेटी आणि पंधरा हरभरे. शिवाय पेटीच्या कागदाचं वजन भरून काढायला उजवीकडे एक रिकामी पेटी. दांडी सरळ. आता पेटी न उघडता सांगा, आत किती? दोन्हीकडून सारखं काढत गेलं की उत्तर आपोआप उरतं, एवढीच गोष्ट. पण पोरं उत्तराचा अंदाज ठोकायची. बाईंचं डोकं तापायचं.

त्यात हा धडा दिवाळीनंतर यायचा, आणि दिवाळीनंतर आमच्याकडे पाडे ओस पडतात. माणसं वीटभट्टीवर जातात, पोरं त्यांच्यामागे. त्या वर्षी बाईंनी हट्ट धरला तो फागीसाठी. पोरगी हुशार, अबोल. बाई तिच्या बापाकडे, लाडक्याकडे, तीनदा गेल्या. "हिला आजीजवळ ठेव. सातवी झाली की जव्हारच्या वसतिगृहात घालू. जबाबदारी माझी." लाडक्यानं शेवटी मान हलवली. फागी मागे राहिली. बाई आठवडाभर हवेत होत्या.

सकाळी वर्ग झाडायचं काम फागीकडे होतं. तागडी आदल्या दिवशी मांडून ठेवलेली असायची. एका सकाळी बाईंनी फळ्यावर समीकरण लिहिलं, पोरांना पारड्यातले दाणे मोजायला लावले. डावीकडे नऊऐवजी पाच. उजवीकडे पंधराऐवजी अकरा. दांडी मात्र सरळच. बाई चक्रावल्या. "कुणी हात लावला?"

फागी उभी राहिली. "मी घेतलं बाय. दोन्हीकडशी चार-चार घेतलं. दांडी नाय हालली. पेटीत सहा हायेत."

बाईंचा चेहरा मी दारातून पाहिला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका पोरीनं, कुणी न सांगता, करून दाखवलं होतं. त्यांनी फागीला जवळ ओढलं, पेटी फाडून सहा दाणे सगळ्यांना दाखवले. "बघा रे! हिला समीकरण कळलं! फागीनं दोन्हीकडून सारखे घेतले!" दुपारपर्यंत त्यांनी ही गोष्ट मला चारदा सांगितली.

चौथ्यांदा मी वैतागून म्हणालो, "ते सगळं खरं. पण पोरीनं घेतले कशाला?"

बाई मग खुर्चीत बसल्या. माझी जीभ झडली असती तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. कारण तांदळाच्या यादीत फागीचं नाव नाही हे मला रोज दिसत होतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं की ही म्हातारीजवळ खाते काय.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाई पिशवीत पाच किलो तांदूळ आणि तूरडाळ घेऊन पाड्यावर निघाल्या, मीही गेलो. फागीची आजी, गौराबाई, ओट्यावर बसली होती. फागी सकाळच्या जीपनं भिवंडीकडे आईबापाजवळ गेली होती.

"पोरांनी आख्ख्या पाड्यावर सांगितलं," म्हातारी म्हणाली, "फागीनं शाळेतलं हरभरं घेतलं. बायनीच वर्गात नाव घेतलं म्हणं. आमचे घरात चोरीचं नाव नव्हतं बाय."

"अहो, चोरी नाही म्हणाले मी! शाबासकी दिली मी तिला!"

"ते मला काय कळं? नागली सरली व्हती. ती हरभरं भिजवून आधी मला देय, मग आपण खाय. तुला तिला ठेवायची व्हती, तं ती काय खाल, ते नाय इचारलंस?"

बाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. घाटी उतरताना त्या रडत होत्या आणि मी पायाखाली बघून चालत होतो. पुढचे दोन महिने त्यांनी जाणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याकडे निरोप दिला. भट्ट्या शंभर, लाडक्याही शंभर. पावसाळ्यात ती माणसं परत आली तेव्हा फागीचं लग्न ठरलेलं होतं.

बाई आणखी सहा वर्षं त्या शाळेत होत्या. मी सुचवलं, हरभऱ्यांऐवजी नदीतले खडे वापरा. त्या माझ्यावर कडाडल्या. उलट त्या रोज संध्याकाळी दोन्ही पारड्यांत मूठमूठ हरभरे जास्तच टाकून जायच्या आणि खोलीला कुलूप लावायच्या नाहीत. सकाळी दाणे कमी झालेले असायचे. कधी डावं पारडं वर गेलेलं, कधी उजवं. बाई न बोलता भर घालायच्या, कुणाचं नाव विचारायच्या नाहीत.

पण दाणे कमी आणि दांडी सरळ, असं पुन्हा एकाही सकाळी झालं नाही.