डब्याला वीज कोणाची?

"त्या बाईने फुकटच्या इंटरनेटपायी माझ्या घरचा डबा पळवला." आमच्या गल्लीच्या ग्रुपवर नाझरसाहेबांनी हे वाक्य लिहिले, तेव्हा वहिनींना जाऊन महिनाच झाला होता. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने प्रतिवादी हयात नसताना एकतर्फी निकाल द्यावा, हे मला मान्य नाही. मी वहिनींचा धाकटा दीर. सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे.

वहिनींना प्रत्येक नव्या वस्तूची धास्ती वाटे, पण त्या या धास्तीचे रूपांतर चौकशीत करीत. "इकनाऱ्याले नाई, वापरनाऱ्याले पुसावं," हे त्यांचे वाक्य. कूलर घ्यायचा तर ऐन मे महिन्यात शेजाऱ्याच्या कूलरपुढे हात धरून उभ्या राहत. लोक याला संशयी स्वभाव म्हणत. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

जावई वारल्यावर मीना, वहिनींची एकुलती लेक, दोन मुलांना घेऊन पुण्याहून अकोल्यास आली. कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली, ती एका महिन्यापुरती आणि एका अटीवर: मीटिंग तुटता कामा नये. तुटत राहिली तर पुण्यास परत, नाहीतर राजीनामा. मुलांना कोणाच्या भरवशावर ठेवून ती परत जाणार होती? मोबाइलचे नेट आमच्या घरात धड टिकत नसे. फायबरवाले म्हणाले, रस्ता खोदण्याची परवानगी पावसाळ्यानंतर. उरली केबल. मीना जिन्यात बसून, फोन उंच धरून काम करी आणि वहिनी खाली उभ्या राहून तिचा चेहरा वाचीत.

केबलवाला सलीम आला आणि वेगाचे आकडे सांगू लागला. वहिनी म्हणाल्या, "थे आकडे ठेव तुह्यापाशी. संध्याकाळी सारी गल्ली मोबाइल घेऊन बसते, तवा काय होते थे सांग."

"काकू, तुमी तं सोयरीक जुळवून राहिल्या!"

"सोयरीकच हाय बाप्पा. एकदा जोडली का भोगा लागते."

मग दिवेलागणीनंतर वहिनी लोणच्याची वाटी पदराखाली घेऊन केबल असलेल्या घरी जात आणि तिथून मीनाला व्हिडिओ कॉल लावीत. "तिचं आपल्याले आयकू येते, थे ठीक. आपलं तिले पोचते का?" वेग मंदावे, पण आवाज पोचे. मात्र प्रत्येक घरी एकच तक्रार निघाली: दर उन्हाळ्यात केबल पार मरते. लोक म्हणत, उन्हाने वायर तापते.

वहिनींना ते पटले नाही. त्यांनी सलीमला विचारले, "वायर राहू दे. मधल्या डब्ब्याले लाइट कोनाच्या घरची?" तेव्हा कळले की गल्लीला सिग्नल पुरवणारा डबा नाझरसाहेबांच्या ओट्यावर असून तो त्यांच्या विजेवर चालतो. ज्याच्या घरी डबा त्याला कनेक्शन फुकट, हा सलीमचा रिवाज. आणि नाझरसाहेब दर उन्हाळ्यात लेकीकडे शेंदूरजनाघाटला जाताना मेन स्विच बंद करून जात. गल्ली उन्हाला शिव्या देत बसे.

मी स्वतः वहिनींबरोबर त्यांच्याकडे गेलो. "भाऊसाहेब, गावाले जाता तवा मेन चालू ठेवा. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय."

"बंद घरात लाइट चालू ठेवू? शॉर्टसर्किट झालं तं घर तुमी बांधून देसान का?"

"मंग डब्बा आमच्याकडे येऊ द्या."

"न्या! तेवढाच डोक्याचा ताप कमी होईन."

याला पळवणे म्हणत असतील, तर कन्यादानालाही दरोडा म्हणावे लागेल.

डबा आमच्या व्हरांड्यात आला, इन्व्हर्टरला जोडला गेला. तोवर मीनाच्या दोन मीटिंगा जिन्यातच तुटल्या होत्या. तिसरी मोठ्या साहेबांसमोर, त्यावर सारा निकाल. भर दुपारी ती सुरू झाली आणि गल्लीची वीज गेली. मी सवयीने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. "भाऊजी, पंख्याले हात लावू नका!" वहिनी इतक्या हळू आवाजात ओरडल्या, की मी तसाच घामाने निथळत बसलो. मुलांना त्यांनी स्वयंपाकघरात कोंडले होते. डब्यावरचा इवलासा दिवा विझतो की काय, म्हणून त्या पापणी लवू देत नव्हत्या. आतून मीनाचे बोलणे थांबे, तेव्हा त्यांचा श्वास थांबे. अखेर ती बाहेर आली आणि आईच्या खांद्यावर डोके ठेवून उभी राहिली. महिन्याची मुभा कायमची झाली होती.

त्यानंतर वहिनींना दोनच उन्हाळे मिळाले. शेवटच्या आजारातही वीज गेली, की त्या खुणेने मला व्हरांड्यात पाठवीत. अजूनही वीज गेली की माझे पाय आधी तिकडेच वळतात.

आता फुकटच्या इंटरनेटविषयी. डबा हलवला त्याच दिवशी वहिनींनी सलीमला माझ्यादेखत एक अट घातली होती, आणि ती तो आजही पाळतो: डबा आमच्याकडे असूनही दर महिन्याला तो कनेक्शनचे पैसे आमच्या घरून नेतो, नाझरसाहेबांच्या घरून नाही.